अहवाल हातात आला. आता तो वाचायचा कसा?

वाचकांचे प्रश्न : परिसर आणि आरोग्य

या खेपेला गोव्यातून आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार होती : हवा, पाणी, आवाज किंवा नव्या प्रकल्पाचा अहवाल म्हणतो सगळे मर्यादेत आहे, आणि घरच्यांना तसे वाटत नाही. म्हणून सदराची सगळी जागा त्याच पत्रांना दिली आहे. पत्रे थोडक्यात छापली आहेत आणि त्यांतली कंपन्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाला लागून असलेली खाण लिलावानंतर पुन्हा सुरू व्हायची आहे. जनसुनावणीची नोटीस लागली आहे. पंचायतीत अहवाल ठेवला आहे, साडेचारशे पानांचा आणि इंग्रजीत. हातात महिनाभरच आहे. कुठून सुरुवात करावी?
— एक वाचक, डिचोली तालुका

उत्तर : पहिल्या पानापासून वाचू नका. सुरुवातीला कायद्यांच्या याद्या आणि कंपनीचा परिचय असतो आणि माणसाचा धीर तिथेच सुटतो. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेने अहवालाची प्रकरणे ठरवून दिली आहेत : प्रकल्पाचे वर्णन, आजची परिस्थिती, अपेक्षित परिणाम, पर्याय, देखरेख, व्यवस्थापन योजना. यांतले प्रकल्पाचे वर्णन आधी उघडा आणि वर्षाला किती टन माल निघणार तो आकडा शोधा.

तो सापडला की कागदावर साधा हिशेब मांडा. समजा वर्षाला १० लाख टन. टिप्पर, म्हणजे माल वाहणारा ट्रक, १० टनांचा धरला तर १ लाख खेपा. कामाचे दिवस २५० धरले तर रोज ४०० भरलेले टिप्पर, आणि तेवढेच रिकामे परत. म्हणजे ८०० फेऱ्या. दिवसाचे १० तास वाहतूक चालली तर तासाला ८०, म्हणजे दर ४५ सेकंदांनी तुमच्या दारावरून एक टिप्पर. आता वाहतुकीचे प्रकरण काढा. तिथे ‘रस्त्यावरील भारात नगण्य वाढ’ असे लिहिले असेल तर दोन्ही प्रकरणे एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. सुनावणीत मांडायला याहून भक्कम मुद्दा सहसा मिळत नाही, कारण आकडे त्यांचेच असतात.

मग नकाशा. साधारण १० किलोमीटरच्या परिघात हवा, पाणी आणि आवाज कुठे मोजला ते ठिपक्यांनी दाखवलेले असते. यादीत गावाचे नाव असले म्हणजे तुमचा वाडा (वस्ती) आला असे नव्हे. अक्षांश-रेखांश मोबाईलच्या नकाशावर टाकून पाहा. ठिपका टिप्परच्या रस्त्यापासून किती दूर आहे? शाळा, अंगणवाडी, रस्त्याला खेटून असलेली घरे यांच्याजवळ एकही ठिपका नसेल, तर ज्यांना सर्वाधिक धूळ खावी लागणार त्यांची हवा मोजलेलीच नाही.

त्यानंतर महिने तपासा. पावसाळा सोडून एका ऋतूची मोजणी नियमात बसते, आणि गोव्यात इथेच मोठी गफलत होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलीमीटर पाऊस पडतो, तोही मुख्यतः जून ते सप्टेंबरात. खाणीच्या ढिगाऱ्यावरचा गाळ शेतात, ओहोळात आणि विहिरीत जातो तो याच चार महिन्यांत. डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यात तो दिसणार कसा? धुळीचे उलट. ऑक्टोबरात ढिगाऱ्यांवर गवत असते, जमीन ओली असते. मार्च-एप्रिलची हवा निराळी. माहिती तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तोही लेखी आक्षेप आहे.

बंद खाणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणे रद्द केली आणि २०२२ च्या अखेरीस लिलाव सुरू झाले. मधल्या काळात मोजलेली हवा खाण नसतानाची आहे. ‘आधीची स्थिती’ म्हणून ती योग्यच. पण निष्कर्ष त्या आकड्यावर काढता येत नाही. आजची पातळी अधिक खाणीमुळे पडणारी भर, अशी बेरीज करणारा तक्ता परिणामांच्या प्रकरणात असायला हवा. तो सापडला की भर काढताना धुळीचे कोणते स्रोत धरले ते वाचा. नुसता खड्डा धरला आणि टिप्परचा रस्ता सोडला, तर भर अगदीच थोडी येते आणि सगळे मर्यादेत बसते. खाणीच्या गावात लोकांच्या नाकात जाणारी बरीच धूळ रस्त्यावरची असते : टिप्परमधून सांडलेली, चाकांखाली दळलेली. खाणीच्या अहवालांत सर्वांत आधी आम्ही हेच तपासतो.

शेवटी व्यवस्थापन योजना. ‘रस्त्यावर नियमित पाणी मारले जाईल’ हे वाक्य सापडेलच. त्यालाही हिशेब लावा. ५ किलोमीटर लांब आणि ६ मीटर रुंद रस्ता म्हणजे ३०,००० चौरस मीटर. चौरस मीटरला अर्धा लिटर पाणी धरले तर एका वेळेला १५,००० लिटर. उन्हात दिवसातून चार वेळा तरी मारावे लागते, म्हणजे ६०,००० लिटर, १० हजारी टँकर रोज सहा. अंदाजपत्रकात टँकर किती आहेत, आणि एप्रिलमध्ये हे पाणी कुठून आणणार? उत्तर ‘विहिरीतून’ असेल तर भूजलाच्या प्रकरणात हा उपसा धरलेला आहे का तेही पाहा.

दुसऱ्याच जिल्ह्यातल्या नदीचे नाव, इथे न होणारे पीक, कुळागराचा (सुपारी-नारळाच्या बागेचा) किंवा झरीचा एकही उल्लेख नसणे, या खुणांवरून मजकूर दुसरीकडून उचलल्याचे कळते. पान क्रमांकासह टिपून ठेवा, पण केवळ त्यांवर भर देऊ नका. चूक दुरुस्त करून अहवाल पुन्हा येतो आणि मूळ उणीव तशीच राहते.

सुनावणीच्या नोटिशीला किमान ३० दिवसांची मुदत असते, आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळणे हा तुमचा हक्क आहे. किती माणसे हजर हवीत अशी अट नाही, म्हणून ‘लोक आले नाहीत’ म्हणून सुनावणी थांबत नाही. मुद्दे लेखी द्या, पोचपावती घ्या. शेवटी इतिवृत्त लोकांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. तोवर उठून जाऊ नका. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे सांगा, कारण अंतिम अहवालात त्याच मुद्द्यांना उत्तरे द्यावी लागतात.

प्रश्न : आमच्या भागातल्या हवेचा अहवाल मागवला. हवेतल्या बारीक धुळीचे, म्हणजे पीएम-१० चे प्रमाण ८२, ‘मर्यादेत’ असा शेरा. इकडे सकाळी पुसलेली खिडकी संध्याकाळी काळी होते. अहवाल खोटा आहे का?
— एक वाचिका, वास्को

उत्तर : खोटा असेलच असे नाही. तुमची खिडकी आणि ते यंत्र दोन वेगळ्या गोष्टी सांगत आहेत.

८२ हा आकडा कशाचा, ते आधी पाहा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत पीएम-१० ला दोन मर्यादा आहेत : २४ तासांसाठी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाच्या सरासरीसाठी ६०. एका दिवसाचे ८२ मर्यादेत आहे. वर्षाची सरासरी ८२ असेल तर ती मर्यादेच्या वर आहे. वार्षिक सरासरी म्हणायला वर्षात किमान १०४ मोजण्या लागतात, आठवड्यातून दोनदा, सारख्या अंतराने. ईआयएसाठी सहसा १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, म्हणजे २४ मोजण्या होतात. त्या २४ ची सरासरी १०० च्या मर्यादेशी ताडून ‘मर्यादेत’ म्हणणे ही नेहमीची चूक आहे. १०० ही एकेका दिवसाची मर्यादा. तिच्याशी एकेक दिवसच ताडायचा. वर्षातले ९८ टक्के दिवस ती पाळली गेली पाहिजे, आणि उरलेल्या २ टक्क्यांतही सलग दोन दिवस ओलांडलेली चालत नाही. म्हणून सरासरीचा एक आकडा घेऊन थांबू नका, तारीखवार तक्ता मागा.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची पातळी पीएम-१० साठी वर्षाला १५ आणि दिवसाला ४५ आहे. आपल्या मर्यादेत असणे म्हणजे फुप्फुसांना निर्धोक असणे नव्हे. अहवालात ‘आरोग्यावर परिणाम नाही’ हे वाक्य केवळ राष्ट्रीय मानकाच्या आधारावर लिहिले असेल, तर ते त्या आकड्यांतून निघत नाही.

आता खिडकी. पीएम-१० म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतचे कण (मायक्रॉन हा मिलीमीटरचा हजारावा भाग). गजांवर बसणारी काळी भुकटी बरीचशी त्याहून जाड असते. यंत्र ती मुद्दाम वेगळी काढते. ती मोजायला खाली बसणाऱ्या धुळीची मोजणी लागते, आणि राष्ट्रीय मानकांतल्या १२ प्रदूषकांत ती नाही. म्हणून मागितल्याशिवाय कोणी ती करत नाही. ती धूळ कोळशाची, रस्त्याची की डिझेलच्या धुराची हे सूक्ष्मदर्शकाखाली आणि कार्बनच्या तपासणीतून कळते. वजनावरून कधीच कळत नाही.

यंत्र कुठे होते हेही विचारा. तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटर उंच हवे, आजूबाजूला वारा अडवणारी भिंत किंवा झाड नको. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून आणि रात्री, विशेषतः हिवाळ्यात, जमिनीकडून वाहतो. स्रोताच्या दोन्ही बाजूंना एकेक यंत्र नसेल तर निम्म्या तासांची धूळ यंत्राकडे पाठ करून जाते. तक्त्याशेजारी त्याच दिवसांच्या वाऱ्याची दिशा आणि वेग नसेल तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

पीएम-२.५ च्या, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या बाबतीत एक बारकावा सांगायलाच हवा. ते यंत्र मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढते, २४ तासांत सुमारे २४ घनमीटर. हवेत ४० मायक्रोग्रॅम असतील तर दिवसभरात फिल्टरवर जेमतेम १ मिलीग्रॅम धूळ साठते. आपल्या दमट हवेत फिल्टरने शोषलेला ओलावाच तेवढ्या वजनाचा घोळ करू शकतो. म्हणून फिल्टर आधी आणि नंतर ठरावीक तापमानाला आणि आर्द्रतेला २४ तास ठेवून मगच तोलायचा असतो, मिलीग्रॅमच्या हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर. कोऱ्या फिल्टरचे वजन, हवेच्या प्रवाहाची नोंद आणि वीज गेलेले तास या तीन गोष्टींच्या नोंदी मागा. वीज सहा तास गेली आणि भागाकार २४ तासांच्या हवेने केला, तर आकडा आपोआप चौथा भाग कमी येतो.

प्रश्न : विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. ‘पिण्यास योग्य’. बहुतेक रकान्यांत ‘आढळले नाही’. निश्चिंत राहावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : ‘आढळले नाही’ म्हणजे ‘नाही’ नव्हे. प्रयोगशाळेच्या पद्धतीला किमान किती प्रमाण ओळखता येते त्याला शोधमर्यादा म्हणतात, आणि ती मानकापेक्षा बरीच खाली असायला हवी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५०० : २०१२) मँगनीज लिटरला ०.१ मिलीग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोतच नसेल तर ०.३ पर्यंत. शोधमर्यादा ०.५ असलेल्या पद्धतीने केलेली तपासणी ‘आढळले नाही’ म्हणाली तर तिने काहीच सांगितलेले नाही. ती मर्यादा अहवालात छापलेली नसेल तर लेखी मागा.

दुसरी गोष्ट नमुन्याची. जंतूंसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती बर्फाच्या पेटीतून शक्यतो ६ तासांत, फार तर २४ तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत सोडियम थायोसल्फेट आधीच घातलेले असावे, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहते आणि अहवाल स्वच्छ येतो. धातूंसाठी वेगळी बाटली, तीत नायट्रिक आम्ल. शीतपेयाच्या बाटलीत नेलेल्या पाण्याच्या अहवालावर कसलाही निर्णय घेऊ नये. १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही असता कामा नये. नायट्रेट ४५ मिलीग्रॅमच्या वर नको, त्याला सूट नाही. दोन्ही वाढलेले असतील तर शौचखड्डा किंवा गोठा जवळ आहे असे समजा. जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी झपाट्याने वाट काढते, म्हणून वरून कोरडी दिसणारी जमीन भरवशाची नसते.

तपासणी वर्षातून दोनदा करा : मे महिन्यात, पाणी तळाला असताना, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरवड्यात. एकट्या जानेवारीचा अहवाल सर्वांत चांगला येतो आणि सर्वांत कमी सांगतो.

जंतू निघाले तर पुढच्या तपासणीची वाट न बघता पाणी खळखळून उकळून प्या. विहीर निर्जंतुक करायला १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर लागते. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८,००० लिटर होते, म्हणजे ७० ग्रॅम पावडर. बादलीत कालवून गाळ खाली बसू द्या, वरचे पाणी विहिरीत सोडा, तासभर थांबा. जुन्या, उघड्या पुडीतल्या पावडरीतले क्लोरीन उडून गेलेले असते. यातून जंतू मरतात, नायट्रेट तसेच राहते. त्याला शौचखड्डा हलवणे हाच उपाय.

प्रश्न : रात्रीच्या संगीताबद्दल तक्रार केली. तपासणी झाली, सरासरी ४९ डेसिबल निघाली. आम्हाला झोप नाही.
— एक वाचक, बार्देश

उत्तर : ती सरासरी कशी काढली ते विचारा. डेसिबलची साधी सरासरी काढता येत नाही. रात्रीचे आठ तास घ्या : सात तास ४५ डेसिबल आणि एक तास ७५. आकड्यांची बेरीज करून आठाने भागले तर सुमारे ४९ येतात. ध्वनीच्या ऊर्जेप्रमाणे योग्य रीतीने काढले तर ६६ येतात. २००० च्या ध्वनी नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ आहे, आणि ती या दुसऱ्या पद्धतीच्या सरासरीलाच लागू होते. तसे पाहिले तर ४९ सुद्धा मर्यादेबाहेरच आहेत. अहवालात ‘मर्यादेत’ असे लिहिले असेल तर कदाचित दिवसाची ५५ किंवा व्यापारी भागाची मर्यादा लावली गेली आहे. तुमचा भाग कोणत्या वर्गात धरला ते वाचा.

ढोलाचा धक्का छातीत जाणवतो आणि मीटरवर दिसत नाही, त्याचे कारण मीटरच्या ‘ए’ मापात आहे. ते माप खालच्या पट्टीचे आवाज दाबते. ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल कमी दाखवते. त्याच मीटरवर ‘सी’ मापही घ्यायला सांगा, ते खालच्या पट्टीला फारसे दाबत नाही. दोन्हींत १५-२० डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर त्रास खालच्या पट्टीचा आहे, आणि तो बंद खिडकीने थांबत नाही. मोजणी किती वाजता आणि किती मिनिटे झाली, मीटरचे कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) आधी आणि नंतर केले का, हेही नोंदवलेले असले पाहिजे. आधी कळवून आलेल्या तपासणीचा उपयोग नाही.

प्रश्न : अहवालात आरोग्याचे एक प्रकरण आहे. त्यात म्हटले आहे की आरोग्य केंद्राच्या नोंदींत श्वसनविकार वाढलेले नाहीत आणि १२० जणांच्या पाहणीत गंभीर आजार एकही नाही. हे पुरेसे आहे का?
— एक शिक्षिका, सांगे

उत्तर : नाही, आणि आमच्या मते बहुतेक अहवालांतले हेच सर्वांत कच्चे प्रकरण असते.

१२० जणांत शून्य. संख्याशास्त्राचा एक सोपा नियम आहे : पाहणीत एकही रुग्ण आढळला नाही तर ३ ला माणसांच्या संख्येने भागा. ३ भागिले १२० म्हणजे अडीच टक्के. याचा अर्थ, गावात खरोखर शंभरातल्या अडीच लोकांपर्यंत हा आजार असू शकतो आणि तरीही या पाहणीत शून्य येऊ शकते. ४००० वस्तीच्या गावात ती १०० माणसे झाली. ‘आजार नाही’ असे लिहिण्याऐवजी ‘एवढ्या पाहणीतून सांगता येत नाही’ असे लिहायला हवे होते.

उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण ग्रामसभेत ती विसरली जाते. एखाद्या गावात वर्षाला एका आजाराचे सरासरी २ रुग्ण अपेक्षित असतील आणि यंदा ४ निघाले, तर ‘दुप्पट झाले’ म्हणून ओरड होते. पण काहीही बदललेले नसताना ४ किंवा त्याहून जास्त रुग्ण सातांतून एका वर्षी निव्वळ योगायोगाने निघतात. अशा आकड्यावर उभा केलेला दावा समोरचा तज्ज्ञ पाच मिनिटांत पाडतो, आणि त्याबरोबर तुमचे बाकीचे खरे मुद्देही पडतात. लहान गावात कर्करोगासारख्या तुरळक आजाराचे आकडे मोजू नका. खोकला, घरघर, मुलांच्या शाळेतल्या गैरहजेऱ्या, दम्याच्या पंपाचा वापर अशा वारंवार घडणाऱ्या गोष्टी मोजा.

आरोग्य केंद्राची नोंदवही किती माणसे आली ते सांगते, किती आजारी पडली ते नाही. खासगी डॉक्टरकडे, मडगावच्या किंवा बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात गेलेली माणसे तिच्यात नसतात. एकाच डॉक्टरच्या बदलीनेही आकडा हलतो. पाहणीत कोणाला विचारले तेही बघा. खाणीवर काम करणारे पुरुषच घेतले असतील तर ती आधीच धडधाकट माणसे. जी आजारी पडली ती काम सोडून घरी बसली आहेत. रस्त्यालगतच्या घरांतली लहान मुले, म्हातारी माणसे आणि दिवसभर घरी असणाऱ्या बायका वेगळ्या मोजल्या पाहिजेत. सोबत धुळीपासून दूरचे, पण राहणीमानाने सारखे गाव तुलनेला हवे. धूम्रपान आणि चुलीचा धूर यांचे प्रश्न विचारलेले हवेत, नाहीतर सगळा दोष चुलीवर ढकलता येतो. फुप्फुसांची तपासणी स्पायरोमेट्रीने केली असेल तर प्रत्येकाने किमान तीन चांगल्या फुंकी मारल्या का, हे कच्च्या नोंदीत दिसते.

प्रश्न : सल्लागार संस्था मान्यताप्राप्त आणि प्रयोगशाळा एनएबीएलची. मग शंका कशाला?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : मान्यता ही किमान पात्रता आहे. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता एकेका चाचणीला असते. प्रमाणपत्रासोबतच्या यादीत तुमची चाचणी आहे का ते पाहा. आणि प्रयोगशाळेचा कागद ‘मिळालेला नमुना’ तपासतो. नमुना कुठून आणि कधी घेतला याची हमी तो देत नाही. ईआयए सल्लागाराला पैसे प्रकल्पवालाच देतो. म्हणून शेवटच्या प्रकरणातली तज्ज्ञांची नावे, सह्या आणि प्रत्यक्ष भेटीच्या तारखा यांना महत्त्व आहे.

प्रश्न : अहवालाच्या दर्जावरून मंजुरी खरोखर अडली आहे का, की सुनावणी हा नुसता उपचार आहे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : तुमच्याच तालुक्यातले उदाहरण आहे. मोपा विमानतळाला २०१५ मध्ये पर्यावरणीय मंजुरी मिळाली. राष्ट्रीय हरित लवादाने (पर्यावरणाच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाने) आव्हान फेटाळल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २९ मार्च २०१९ रोजी न्यायालयाने मंजुरी स्थगित ठेवून तज्ज्ञ समितीला पुन्हा विचार करायला सांगितले. अर्जाच्या पहिल्याच नमुन्यात, म्हणजे फॉर्म-१ मध्ये, १५ किलोमीटरच्या आतली वने आणि संवेदनशील क्षेत्रे नीट सांगितलेली नव्हती, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुनर्विचारानंतर जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली, वाढीव अटींसह, आणि विमानतळ पुढे सुरू झाला. म्हणजे प्रकल्प रद्द झाला नाही, पण माहिती लपवली तर मंजुरी डळमळते हे ठरले. एवढ्यासाठी अहवालाआधी फॉर्म-१ वाचा. तो अहवालापेक्षा खूप लहान असतो आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर मिळतो.

मंजुरी मिळाल्यावर लवादाकडे अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवले तर आणखी ६०. त्यानंतर दार बंद.

प्रश्न : पंचायतीकडे फारसा पैसा नाही. आम्हाला स्वतः काही मोजता येईल का?
— एक पंच, केपे तालुका

उत्तर : येईल, पण आधी एकच प्रश्न ठरवा. ‘गावाचे प्रदूषण’ मोजता येत नाही. ‘शाळेपाशी बसणारी धूळ रस्ता सुरू झाल्यावर किती वाढते’ हे मोजता येते.

बसणाऱ्या धुळीसाठी सरळ कडांच्या, एकाच मापाच्या चार-पाच बरण्या घ्या, तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर. तळाला थोडे शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घाला, शेवाळ धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, आणि माणसाच्या उंचीहून वर, झाडाखाली न येता ३० दिवस ठेवा. एक बरणी रस्त्यापासून लांब, वारा येतो त्या बाजूला ठेवायलाच हवी. तिच्याशिवाय बाकीच्यांना अर्थ नाही. महिन्याने पाने आणि किडे चाळून काढा, पाणी आटवून उरलेला गाळ १०५ अंशांना वाळवून तोला. हे शेवटचे काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून घ्या. मोरचूद सगळ्या बरण्यांत तोलून सारखाच घाला, आणि तेवढाच मोरचूद वेगळा तसाच वाळवून भरेल ते वजन वजा करा, कारण तापल्यावर त्यातले पाणी उडून तो हलका होतो. २० सेंटीमीटर तोंडाचे क्षेत्रफळ ०.०३१४ चौरस मीटर होते. गाळ ९४ मिलीग्रॅम निघाला तर तो दिवसाला, चौरस मीटरमागे १०० मिलीग्रॅम. पावसाळ्यात बरण्या भरून वाहतात, तेव्हा हा प्रयोग नोव्हेंबर ते मे.

विहिरींच्या पाण्याची पातळी दर पंधरवड्याला, त्याच काठावरून, त्याच टेपने मोजा आणि एकाच वहीत लिहा. मोजणाऱ्याचे नाव आणि वेळ दर वेळी लिहा; खाडाखोड झाली तर रेघ मारून शेजारी सही करा. अशी दोन वर्षांची वही कोणत्याही अहवालासमोर ठेवता येते.

आणि जे मोजलेले आधीच पडून आहे ते मागवा. मंजुरी मिळालेल्या प्रत्येक प्रकल्पाला अटींच्या पालनाचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. माहिती अधिकारात तो ३० दिवसांत मिळायला हवा. अर्जात मोजणीच्या जागांचे अक्षांश-रेखांश आणि तारीखवार कच्चे आकडे वेगळे मागा, नाहीतर सरासरीचे एक पान येते. मग ईआयएच्या नकाशावरचे ठिपके आणि पालन अहवालातले ठिपके एकमेकांवर ठेवून पाहा. शाळेजवळचा ठिपका हलून कंपनीच्या बागेत गेला असेल तर जागा कधी आणि कोणाच्या परवानगीने बदलली, हा एकच प्रश्न लेखी विचारा.